मुहूर्ताची माक्कॉली

डुकराचं मुंडकं हसरं मिळावं म्हणून जेगाल साहेब स्वतः बाजारात गेले होते. उकडताना ओठांचे कोपरे वर वळले तर ते हसरं, आणि रडवेल्या मुंडक्यासमोर डोकं टेकवलं तर यंत्रही वर्षभर रडतं, असं कोरियातल्या छांगवनच्या कारखान्यांत सगळेच धरून चालतात. इंजिनं बनवणारी माणसं आहेत, हसत हसत धरून चालतात. पण धरून चालतातच. जेगाल साहेब कंपनीचे संचालक होते, निवृत्ती जवळ आली होती, आणि चाचणीघरात उभं असलेलं यंत्र हे त्यांचं शेवटचं मोठं काम होतं. अशा वेळी माणूस मुंडक्याच्या बाबतीत तडजोड करत नाही.

यंत्र दिसायला साधंच होतं. एका टोकाला लहानसं टर्बाइन, त्यातून वीज निघणार. ती वीज आणि बॅटरीची वीज मिळून मोटर फिरवणार आणि मोटर पंखा फिरवणार. जमिनीवर नीट चाललं की हेच सगळं एका छोट्या विमानात बसायचं होतं. टर्बाइनचं इंधन हॉटेलांतून गोळा केलेल्या तळणाच्या तेलापासून बनवलेलं. ते इतकं शुद्ध केलेलं असतं की पाण्यासारखं दिसतं आणि त्याला कसलाही वास उरत नाही. तरी जो येई तो टाकीला नाक लावी आणि म्हणे, "आज कोंबडी, उद्या विमान." हा विनोद चाचणीघरात इतक्या वेळा झाला होता की आता त्यावर कुणी हसत नसे, पण करायचं कुणी सोडलंही नव्हतं.

गोसाच्या, म्हणजे नव्या यंत्राच्या पूजेच्या दिवशी यंत्रासमोर टेबल मांडलं. मुंडकं, लाल चवळीचा वाफवलेला तांदळाचा केक, पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा आणि माक्कॉलीच्या बाटल्या. तांदळाची ही पांढरी दारू जेगाल साहेबांनी डोंगरातल्या आपल्या गावाहून आणवली होती. हुद्द्याप्रमाणे एकेकाने पुढे होऊन डोकं टेकवलं, मुंडक्याच्या तोंडात नोट खोचली, वाटीभर माक्कॉली जमिनीवर शिंपडली. पाहुण्यांच्या रांगेत शेवटी योम मालजा उभी होती. तिने नमस्कार केला, वाटी ओठांना लावल्यासारखी केली आणि खाली ठेवली. माक्कॉलीचा आंबूस वास तिला लहानपणापासून सोसत नसे.

मालजा म्हणजे शेवटची. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा देवाला नीट कळावं म्हणून बापाने हे नाव ठेवलं. देवाने ऐकलं नाही, तिच्या पाठीवर आणखी एक झाली. तर ही शेवटून दुसरी मालजा आता सत्तावन्न वर्षांची होती आणि औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत तिचा कारखाना होता. तिथे बारा बायका केबलींचे हार्नेस, म्हणजे टोकांना कनेक्टर लावलेले जुडगे, गुंफत. पूर्वी ते धुलाई यंत्रांचे असत. ते काम व्हिएतनामला गेलं. मग या यंत्राचा नारिंगी केबलींचा जाडजूड हार्नेस तिच्याकडे नमुना म्हणून आला. तो टिकला तर उडणाऱ्या विमानाचं कामही तिलाच, म्हणजे पुढली काही वर्षं कुणाला घरी बसवायला नको. नाही टिकला तर राजधानीजवळची एक मोठी कंपनी टपून बसलेलीच होती, आणि बारा जणींना काय सांगायचं हे मालजाला माहीत नव्हतं.

कनेक्टरमध्ये जिथून केबल शिरते तिथे ओल आत जाऊ नये म्हणून सीलंट भरतात. ते वाळायला सात दिवस लागतात, तसं डब्यावरच छापलेलं असतं. पण गोसाचा दिवस पंचांग बघून ठरला होता. महिन्यात मोजकेच दिवस असे असतात की उपद्रवी भुतं कामावर नसतात, वर आकाशात गेलेली असतात. घर बदलायचं, दुकान उघडायचं, ते त्या दिवशी. चाचणीघराचा प्रमुख नामगुंग याचा फोन आला की साहेबांना अलीकडचा दिवस पसंत पडलाय, माल पाचव्या दिवशी हवा. मालजाने सीलंटला बोट लावून पाहिलं. वरून कडक लागलं. उरलेलं तिथे जाऊन वाळेल असं म्हणून तिने कागदावर सही केली. त्या गल्लीत सगळेच असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते वाळतंही.

सगळ्यांचे नमस्कार झाले, आणि जेगाल साहेबांच्या वाटीत थोडी माक्कॉली उरली. ती घेऊन ते धोक्याची पिवळी रेघ ओलांडून सरळ मोटरपाशी गेले.

"आम्ही बसून पिणार, आणि जिला जन्मभर राबायचंय ती कोरडी? घे गं बाई, तूही घे," असं म्हणून त्यांनी वाटी मोटरवर उपडी केली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माक्कॉलीची पांढरी धार मोटरवरून नारिंगी केबलीवर आली आणि केबलीवरून सावकाश खाली, कनेक्टरच्या मानेशी जाऊन दिसेनाशी झाली. मालजाने ते पाहिलं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या प्यो नावाच्या विजेच्या इंजिनिअरनेही पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तांदळाच्या केककडे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती मुहूर्ताच्या दिवशी, पाहुण्यांसमोर आणि मांजर संचालक असताना, हे कुणालाच सुचणारं नव्हतं.

त्या दिवशी यंत्र सुरळीत चाललं. पुढेही काही दिवस चाललं. मग एका दमट सकाळी मोटर सुरूच होईना. केबलीतून वीज कुठेतरी झिरपतेय, अशी खूण यंत्राचा पहारेकरी मीटर दाखवू लागला. दुपारी ऊन चढलं, हवा कोरडी झाली आणि यंत्र मुकाट चालू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. पण हे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते.

संशय अर्थातच हार्नेसवर गेला. नामगुंगने फोनवर सांगितलं, "योम बाई, कनेक्टर उघडून बघायचे ठरलेत. तुम्ही समोर असलेलं बरं." त्याचा आवाज मऊ होता. मऊ आवाज मालजाला आवडत नसे.

दुपारी कारखान्यात बायका जेवायला बसल्या. सुनोक ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी, अगदी धुलाई यंत्रांच्या काळापासूनची. कारखान्यात मालकीण मालजा होती, पण ताई ताईच. किमचीच्या रश्शात भात कालवत ती म्हणाली, "तोंड का पाडलंयस? सांग ना सरळ, तुमच्या साहेबाने यंत्राला दारू पाजलीय."

"कुणाला सांगू? साहेबांनाच?"

"मग बायकोला सांग त्याच्या. ती बघेल घरी."

बायका हसल्या. मालजा नाही हसली. "ताई, आत कशी गेली पण ती?"

"कशी म्हणजे? ओतली म्हणून गेली."

"सील कशासाठी असतं मग?"

सुनोक ताईने तोंडातला घास गिळला. सीलंट तिच्याच हातचं होतं, आणि मोजून पाच दिवस शेल्फवर होतं हे तिलाही माहीत होतं. "मी म्हटलं होतं तुला," ती हळूच म्हणाली.

"काही म्हटलं नव्हतंस. तूच उचलून गाडीत ठेवलंस."

"तू सही केलीस म्हणून ठेवलं." मग ताईने भात परत कालवला आणि म्हणाली, "दारूचं बोल. सीलचं कशाला काढतेस? हात दाखवून अवलक्षण."

कनेक्टर उघडले तेव्हा चाचणीघरात तिघंच होती, मालजा, नामगुंग आणि प्यो. पहिले तीन कोरडे निघाले. चौथ्याचं झाकण प्योने फिरवलं आणि वास आला. आंबूस, धान्याचा, नाकात जाऊन बसणारा. आत तांब्याच्या तारांवर पांढरट, चिकट थर होता. गोड पदार्थ सुकला तरी हवेतली ओल ओढून घेतो, डब्यात राहिलेल्या गुळाला पाणी सुटतं तसं. दमट सकाळी थर ओला होई, दुपारी वाळे. सगळा उलगडा त्या वासातच होता.

नामगुंगने वास घेतला आणि चष्मा पुसला. प्यो म्हणाला, "हे कूलंट असेल का?" त्याच्या आवाजात इतकी कमी खात्री होती की त्यालाच लाज वाटली असावी. नामगुंगने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मालजाने हातमोजा काढला आणि केबलीभोवतीच्या सीलंटमध्ये नख रुतवलं. वरचा पापुद्रा फुटला आणि नख सहज आत गेलं. कच्चं असतानाच दारू झिरपली, म्हणून आतलं तसंच मऊ राहून गेलं होतं. नखाची चंद्रकोर तिथे उमटली. तिने हात मागे घेतला. दोघांपैकी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. दोघंही वासाचाच विचार करत होते.

"बाई," नामगुंग म्हणाला, "सकाळी इथे हवा फार दमट असते. दव पडतं. तुम्हाला काय वाटतं?"

"दव?"

"दवच. म्हणजे हार्नेसचा दोष नाही आणि आमचाही नाही. हवेचा. हवा कोरडी करणारं यंत्र बसवू, प्रश्न मिटला. विमानाचं काम तुम्हालाच. तुम्हाला चालेल ना?"

चालायला काय झालं होतं? तेरी भी चुप, मेरी भी चुप. जेगाल साहेबांची अब्रू राहणार, नामगुंगची नोकरी राहणार, बारा जणी राहणार, आणि नखाची चंद्रकोर अहवालाच्या तळाशी गाडली जाणार. मालजाला वाटलं, आपण खूश व्हायला हवं. ती थोडी खूश झालीही.

बाहेर पडताना प्यो तिला पोचवायला दारापर्यंत आला. दारावर गोसाचा सुका मासा अजून लटकत होता. "उड्डाणाला मी असणार," तो म्हणाला. "पायलट पुढे, मी मागे, मीटर मांडीवर घेऊन. आई म्हणते, मुलगा विमानात बसतो म्हणजे मोठं काम करतो. तिला सांगितलं नाही की खिडकी नाहीये."

"भीती वाटते?"

"हार्नेस तुमचा आहे ना," तो म्हणाला. चेष्टेनेच म्हणाला. मालजाला त्याच्याकडे पाहवेना.

घरी आल्यावर तिने भात लावला आणि तो खायला विसरली. अहवालात दव लिहिलं गेलं की इलाज दवावर होणार. सीलंटवर होणार नाही. विमानाच्या हार्नेसलाही कुणीतरी पंचांग बघून तारीख काढणार, परत फोन येणार, परत ती वरून बोट लावून बघणार. वाटीभर दारू आत शिरली होती; विमान तर ढगातून जाणार. तिला कुणाचा राग आला होता, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. जेगाल साहेबांचा येत होता, पण त्यांच्यावर राग धरला की नखाची खूण डोळ्यासमोर येई आणि राग फिरून तिच्यावरच येई.

दुसऱ्या दिवशी बैठकीला जेगाल साहेब मधोमध बसले होते. नामगुंगने अहवाल वाचला. दव, दमट हवा, हवा कोरडी करणारं यंत्र; हार्नेस पुरवणाऱ्याचा दोष नाही. जेगाल साहेबांनी मान हलवली आणि सही करायला पेन उघडलं. टेबलावर तो चौथा कनेक्टर पारदर्शक पिशवीत ठेवला होता.

"साहेब, एक बोलू?" मालजा म्हणाली.

"बोला की. सगळं तुमच्याच बाजूने लागलंय."

"म्हणूनच बोलायचंय. ते दव नाही."

नामगुंगने टेबलाखाली पाय हलवल्याचा आवाज झाला. "योम बाई, कालच आपलं ठरलं..."

"मग काय आहे?" जेगाल साहेबांनी विचारलं.

"माक्कॉली."

जेगाल साहेबांनी पिशवी ओढून घेतली, उघडली आणि नाकाशी धरली. त्यांनी बराच वेळ ती तशीच धरली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली की काय निघतं ते पाहायला सगळे टक लावून बसले होते.

"ही बाजारातली नाही," ते शेवटी म्हणाले. "आमच्या गावची आहे. तिचं खमीर गव्हाच्या वड्यांचं असतं, बायका पायांनी तुडवून करतात. माझी आई तुडवायची. घरभर हाच वास." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मीच ओतली होती. मोटरवर."

नामगुंगने अहवालाची पानं सारखी केली.

"पण आत कशी शिरली?" त्यांनी विचारलं. हाच प्रश्न मालजाने सुनोक ताईला विचारला होता, आणि आता उत्तर तिलाच द्यायचं होतं.

"माझं सील कच्चं होतं, साहेब. सात दिवस लागतात, मी पाचव्या दिवशी दिलं. पक्कं असतं तर ती वरूनच ओघळून गेली असती. इथे खूण आहे बघा, नखाची, मीच रुतवून पाहिलं काल. तुम्ही वाटीच ओतलीत. पाऊस वाटीने पडत नाही."

"पाचव्या दिवशी का दिलंत?"

"मुहूर्त होता."

जेगाल साहेबांनी नामगुंगकडे पाहिलं. "कच्चा माल सही करून दिला तर नियम काय सांगतो?"

"यादीतून नाव जातं, साहेब," नामगुंग म्हणाला. यावेळी त्याचा आवाज मऊ नव्हता, नुसता थकलेला होता.

जेगाल साहेबांनी पेनला टोपण लावलं आणि सही न करता ते खोलीबाहेर गेले. वाकून कुणाचा निरोपसुद्धा घेतला नाही, आणि या गोष्टीत ते कधी चुकत नसत.

प्योने मशीनमधून गरम कॉफीचा डबा काढून मालजाच्या हातात दिला. "मीही पाहिलं होतं त्या दिवशी," तो म्हणाला.

"माहितेय. आपण दोघांनी मिळून केक पाहिला."

कारखान्यात तिने सगळं सांगितलं. एकही बाई ओरडली नाही, आणि ते मालजाला जास्त लागलं. सुनोक ताईने तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, मग ॲप्रनला हात पुसत म्हणाली, "माझ्या नातवाच्या शाळेत स्वयंपाकघरात बाई हवीय म्हणे. बघते विचारून." आणि कामाला लागली. मालजाला वाटलं, एखादी तरी सणसणीत शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कंपनीचा फोन आला नाही. काम कमी कमी होत गेलं. दुपारनंतर बायका लवकर घरी जाऊ लागल्या. मालजा एकटी बसे तेव्हा हाताला चाळा म्हणून तिने तसाच एक कनेक्टर केला, केबल बसवली, सीलंट भरलं, वर तारीख लिहून शेल्फवर ठेवला. कुणी मागितला नव्हता. रोज येता जाता ती त्याकडे बघे, पण बोट लावत नसे.

मग एका दुपारी जेगाल साहेब आले. गाडी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी सोडली होती, आणि त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आधी कमरेतून वाकून नमस्कार केला. एवढ्या मोठ्या माणसाने पुरवठादाराच्या दारात एवढं वाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे उत्तरादाखल किती वाकायचं हे कुणाला कळेना. सुनोक ताई तर टेबलाला डोकं लागेपर्यंत वाकली.

"पूर्ण वाळलेलं सील आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मालजाने शेल्फवरून कनेक्टर काढला. वरची तारीख त्यांनी वाचली आणि बोटांवर मोजलं. मग पिशवीतून माक्कॉलीची बाटली काढली.

"मेगर आहे?"

सुनोक ताईने मेगर, म्हणजे झिरपणारी वीज पकडणारा मीटर, लावला आणि आकडा सांगितला. केबलीतून कुठेही वीज झिरपत नव्हती. जेगाल साहेबांनी कनेक्टर उभा धरला, केबल वर, जशी चाचणीघरात होती तशीच, आणि बाटलीतली जवळजवळ सगळी माक्कॉली हळूहळू केबलीवरून ओतली. टेबलावर पांढरं तळं झालं. वास गल्लीपर्यंत गेला.

"चांगली माक्कॉली आहे हो," सुनोक ताई न राहवून म्हणाली.

"चांगलीच होती तीही," जेगाल साहेब म्हणाले. "आत्ता नका बघू. दोष सकाळी दिसायचा. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी येतो."

सकाळी मालजा दार उघडायला आली तेव्हा ते दाराशी उभे होते. हवा दमट होती. सुनोक ताईने फडकं सोडवलं, मेगर लावला, आकडा वाचला, आणि तोच परत वाचला. कालचाच होता. मालजाने सीलंटवर नख दाबून पाहिलं. नख वाकलं, सीलंटवर साधा ओरखडाही आला नाही. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"विमानाचं काम तुमच्याकडे आहे," जेगाल साहेब खुर्चीवर बसत म्हणाले. "कागद नामगुंग पाठवेल."

"पण यादीतून नाव..."

"गेलं नाही. अहवाल मी परत लिहिला. संचालकाने यंत्रावर दारू ओतली, असंच साध्या भाषेत लिहिलं. माल पाच दिवसांत द्या हे कंपनीने सांगितलं, आणि कंपनीला ते मी सांगितलं, हेही लिहिलं. तुमची चूक कंपनीच्या हुकुमाने झाली म्हटल्यावर तुमचं नाव कापता येईना. हुकूम देणाऱ्याचं कापता येत होतं. या महिनाअखेर मी घरी. उड्डाण नामगुंग बघेल."

तिने खरं बोलायचं ठरवलं होतं, त्याची किंमत आपण मोजू असं तिला वाटलं होतं. ती दुसऱ्याच कुणाच्या नावावर पडेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "साहेब, मला तसं..."

"तुम्हाला कसं, ते राहू द्या. हार्नेस कधी देणार?"

भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन तिने गुंफायचे दिवस मोजले, मग त्यापुढे सीलंटचे. पुढल्या महिन्यातल्या एका तारखेवर बोट ठेवलं. जेगाल साहेब उठून जवळ आले. तारखेखाली बारीक अक्षरात पंचांगाचा दिवस छापला होता, तो त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"हा वाईट दिवस आहे. त्या दिवशी भुतं पूर्वेला असतात. चाचणीघर इथून पूर्वेलाच आहे."

"सीलंट वाळलेलं असेल, साहेब."

त्यांनी त्या तारखेकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मग ठीक आहे," ते म्हणाले.

बाटलीच्या तळाशी वाटीभर माक्कॉली उरली होती. स्वतःची स्वतः ओतून घेत नाहीत, म्हणून मालजाने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि त्यांच्या वाटीत ओतली. "सकाळी सकाळी?" सुनोक ताई पुटपुटली आणि कनेक्टर पुसायला लागली. जेगाल साहेबांनी अर्धी वाटी प्यायली आणि उरलेली मालजापुढे धरली. वडील माणसासमोर पिताना फिरवतात तसं तोंड बाजूला फिरवून तिने वाटी ओठांना लावली. माक्कॉली तिला कधीच आवडली नव्हती. तिने तळ दिसेपर्यंत प्यायली.